कांद्याविना ग्रेव्ही आणि सूर्यास्ताआधीचे ताट

आषाढात आमच्या साखरखेर्ड्याला सूर्य सातनंतर मावळतो; कार्तिकात तो पावणेसहालाच निरोप घेऊ लागतो. चातुर्मासात संध्याकाळचा हा जो सव्वा तास हळूहळू निसटतो, त्याचा हिशेब घरातील गृहिणीइतका काटेकोर कोणीही ठेवत नाही. आयुष्यभर बँकेत ताळेबंद जुळवूनही मला हा हिशेब निवृत्तीनंतरच कळला.

माझ्या मातोश्रींचे वय शहाऐंशी. त्यांचा चौविहार कधी चुकलेला नाही. चिरंजीवांचे दुकान बाजारात. सोयाबीनचा हंगाम ऐन दिवाळीच्या आगेमागे असल्याने त्या दिवसांत ते नऊच्या आत घरी येत नसत. परिणाम असा की, आई साडेपाचला एकट्या जेवत आणि बाकी घर रात्री. त्यातही नातवंडांची नजर ताटातल्या भाजीकडे नसून हॉटेलच्या भाजीकडे. ‘आजोबा, आपल्या घरी तशी का होत नाही?’ हा नातीचा प्रश्न मी बरेच दिवस हसून टाळला.

दोन वर्षांपूर्वी जालन्याला जाताना वाटेत एका ढाब्यावर आम्ही थांबलो. ‘जैन’ असे बजावून पनीरची भाजी मागवली. वाढणाऱ्या मुलाने मान डोलावली. दुसऱ्या घासाला नातीच्या वाटीतून कांद्याची पारदर्शक पाकळी निघाली. आईंसमोर तोवर फक्त पाण्याचा पेला होता, एवढेच सुदैव. त्या मुलावर मी रागावलो नाही. आत काय चालते ते त्याला ठाऊक असेलच असे नाही. आणि खरे सांगायचे तर, मलाही ठाऊक नव्हते.

मग चौकशी केली. हॉटेलात प्रत्येक भाजी मुळापासून होत नाही. सकाळीच लाल, पांढरी, पिवळी, तपकिरी अशा ग्रेव्ह्यांची मोठाली पातेली शिजवून ठेवतात. गिऱ्हाईक आले की पळीभर ग्रेव्ही, त्यात पनीर किंवा वाटाणा, वरून मसाला. दहा मिनिटांत ताट तयार. यांतील बहुतेक पातेल्यांचा पाया कांदाच असतो. ब्रिटनमधील ‘इंडियन’ हॉटेलांची तऱ्हा याहून वेगळी नाही. त्यांतली बरीचशी बांगलादेशातील सिल्हेटच्या लोकांनी उभी केली आणि त्यांचा सारा डोलारा उकडून वाटलेल्या कांद्यावर उभा आहे. म्हणजे ज्याला आपण हॉटेलची चव म्हणतो, तिच्यात काही गुपित नाही. कष्टाचा मोठा भाग सकाळीच उरकून ठेवायचा, एवढेच.

हे कळले आणि मला आपल्या संध्याकाळीचे उत्तर सापडले. ज्या घराला सूर्यास्तापूर्वी जेवायचे आहे, त्यालाच या पद्धतीची खरी गरज आहे. फरक एवढाच की, हॉटेलवाला उरलेली ग्रेव्ही शीतकपाटात ठेवून दोन-तीन दिवस वापरतो. आपल्याकडे ओलसर पदार्थाने रात्र ओलांडली की तो शिळा, म्हणजे वासी. शीतकपाटाने हा नियम बदलत नाही. म्हणून सकाळी अकराला शिजवायची आणि त्याच दिवशी संपवायची.

राहिला कांदा. कांदा भाजीला काय देतो याचा आधी विचार करावा. तो दाटपणा देतो, गोडवा देतो, परतल्यावर खरपूस रंग देतो आणि एक उग्र गंध देतो. ही चारही कामे एकच जिन्नस करील असा आग्रह धरला की फजिती होते. सुरुवातीला मी नुसते काजू वाटून पाहिले. भाजी जड आणि मिठाईसारखी लागली. कामे वाटून दिल्यावर जमू लागले. दाटपणा दुधीकडे, म्हणजे आपल्या लवकीकडे. गोडवा लाल भोपळ्याकडे, ज्याला इकडे कोहळे म्हणतात. स्निग्धता काजू आणि मगजबीकडे. गंध हिंगाकडे, आणि आल्याच्या जागी सुंठ. ओले आले आपल्याला वर्ज्य असले तरी वाळलेली सुंठ बहुतेक घरांत चालते, जशी वाळलेली हळद चालते.

सहा माणसांसाठी माझे प्रमाण असे: एक किलो पिकलेले टोमॅटो (आमच्या बाजारातली भेदरं), पाव किलो दुधी, दीडशे ग्रॅम लाल भोपळा, ४० ग्रॅम काजू, २५ ग्रॅम मगजबी, बिया काढलेल्या ६ ब्याडगी मिरच्या, दोन मोठे वेलदोडे, चार लवंगा, बोटभर दालचिनी, एक तमालपत्र. दुधी चिरल्यावर कच्ची फोड जिभेला लावून पाहावी. कडू लागली तर अख्खा दुधी टाकून द्यावा. त्यात काटकसर करू नये. कडू दुधीने माणसे खरोखर आजारी पडतात.

हे सारे दोन पेले गाळलेल्या पाण्यात झाकण ठेवून वीस-पंचवीस मिनिटे मऊ शिजवावे. पूर्ण निवू द्यावे. खडा मसाला वेचून काढावा, बाकीचे मिक्सरमधून बारीक वाटावे आणि गाळणीतून गाळावे. गाळण्याचा कंटाळा करू नये. टोमॅटोची साल आणि मिरचीचा चोथा जिभेवर राहिला की भाजी घरगुतीच लागते.

पुढचा टप्पा परतण्याचा. खोल कढईत चार मोठे चमचे तेल तापवावे, पाव चमचा हिंग फुलू द्यावा, गॅस मंद करून अर्धा चमचा सुंठपूड, दोन चमचे धनेपूड, एक चमचा जिरेपूड आणि चमचाभर कमी तिखटाची लाल पूड घालावी. लगेच दोन चमचे पाणी शिंपडावे, नाहीतर पूड जळते आणि तो कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. मग वाटण ओतावे, झाकण तिरपे ठेवावे, कारण ते उडते आणि हात भाजतो. मंद आचेवर अर्धा तास, अधूनमधून तळापासून ढवळत. कडेला तेलाची रेघ दिसू लागली की पाण्याचा बराचसा अंश गेला असे समजावे. कच्चेपणा तिथेच संपतो. सूनबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, ‘बाबा, दहा मिनिटांत झाली की.’ झाली नव्हती. जेवताना त्यांनीच कबूल केले.

आता चव जुळवणे, ज्यात माझे सर्वाधिक प्रयोग वाया गेले. ग्रेव्हीत मीठ सकाळी निम्मेच घालावे, कारण आटली की खारटपणा वाढतो आणि संध्याकाळी तीत काय पडणार यावर उरलेले मीठ ठरते. पनीरला अंगचे मीठ फारसे नसते. आधीच मीठ घालून शिजवलेल्या काबुली चण्यांना असते. चव पाहण्याचा क्रमही ठरलेला असावा: आधी मीठ, मग आंबट, शेवटी गोड. मीठ कमी असताना आंबटपणा उगाच टोचतो, आणि आपण घाईने साखर ओततो. पावसाळी टोमॅटो पाणचट व आंबट, हिवाळ्यातले भरलेले. त्यामुळे पाककृतीत लिहिलेली चिमूटभर साखर दरवेळी लागतेच असे नाही. फार आंबट झाली तर चमचाभर काजूचे वाटण आणि थोडा गूळ घालावा. बेचव, सपाट लागली तर चिमूटभर आमचूर. हिंगाच्या बाबतीत मात्र पुडीवर विश्वास ठेवू नये. बांधणी हिंगात पीठ मिसळलेले असते, हिरा हिंग कितीतरी उग्र. एकाचे प्रमाण दुसऱ्याला लावले तर औषधाचा वास येतो. हे मी पूर्ण कढईभर अनुभवले आहे.

संध्याकाळी लागतात ती दहा-बारा मिनिटे. ग्रेव्ही गरम करून गरम पाण्यानेच सैल करावी, पनीर किंवा भाज्या घालून एक उकळी काढावी, कसुरी मेथी तव्यावर क्षणभर शेकून तळहातावर चुरडून घालावी, गरम मसाला चिमूटभर. वरून तुपाची जिऱ्याची फोडणी. सांबार, म्हणजे कोथिंबीर, ताट वाढताना. छोल्यांच्या भाजीत दह्याचा मोह टाळावा. द्विदलाचा नियम आपल्याला ठाऊक आहे.

अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य करणाऱ्या घरांत टोमॅटो-दुधीचा हा पाया चालणार नाही. तेव्हा आपली वऱ्हाडी रीत कामी येते. सुके खोबरे, तीळ, शेंगदाणे वेगवेगळे खरपूस भाजून, काजू-मगजबीसह गरम पाण्यात भिजवून वाटावे. आंबटपणाला चिंचेचा कोळ. ही ग्रेव्ही लाल दिसत नाही, पण खरपूस चवीत ती पहिलीपेक्षा सरस आहे असे माझे प्रामाणिक मत आहे. घरात मात्र मी अल्पमतात आहे.

गतवर्षी कार्तिकात आम्ही एक बदल केला. पाच वाजता मुनीमजी गल्ल्यावर बसत आणि चिरंजीव अर्ध्या तासासाठी घरी येत. सव्वापाचला सगळ्यांची पाने मांडलेली असत. पहिल्या दिवशी आईंनी वाटीतला लाल रस्सा बराच वेळ न्याहाळला आणि विचारले, ‘यात काय काय आहे?’ मी एकेक जिन्नस सांगितला. त्यांनी पोळीचा तुकडा बुडवून खाल्ला, दुसरा खाल्ला, मग म्हणाल्या, ‘मिरची जास्त आहे रे.’

तेव्हापासून लाल पूड मी सुरुवातीला घालत नाही. ग्रेव्ही परतून झाली की आईंसाठी दोन पळ्या बाजूला काढतो, आणि उरलेलीत तेलात फुलवलेली पूड मागाहून मिसळतो. वाटणातल्या ब्याडगी मिरच्याही सहाच्या तीन केल्या आहेत. नातीला अजून तो फरक कळलेला नाही.