तीन क्लबांचा खेळाडू

कोलकात्याच्या मैदानावर फुटबॉल हा केवळ खेळ नव्हे. तेथे घराण्याची निष्ठाच एकेका क्लबाशी बांधलेली असते. १८८९ चा मोहन बागान, १८९१ चा मोहमेडन स्पोर्टिंग आणि १९२० चा ईस्ट बंगाल, यांपैकी आपला कोणता, हे मुलाला वडिलांकडूनच मिळते. परंतु ज्याचा चरितार्थच या खेळावर चालतो, त्याने निष्ठा कोठे वाहावी?

चिमा ओकोरी यांचेच उदाहरण घ्या. नायजेरियाचा हा तरुण शिक्षणासाठी भारतात आला आणि फुटबॉलमुळे कोलकात्याचा झाला. प्रथम मोहमेडन, मग ईस्ट बंगाल, १९९१ पासून मोहन बागान, असे तिन्ही गणवेश त्यांनी अंगावर चढविले. काल ज्यांनी डोक्यावर घेतले, त्यांच्याच गोलात आज चेंडू धाडावयाचा! पुढे ते डेन्मार्क व इंग्लंडमध्येही खेळले; परतल्यावर १९९७-९८ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या मोहन बागानच्या संघात ते होते.

याउलट १९६० च्या रोम ऑलिंपिकमधील आपले कर्णधार पी. के. बॅनर्जी या तिन्ही क्लबांकडून कधीच खेळले नाहीत. ते ईस्टर्न रेल्वेच्या संघातच राहिले, आणि १९५८ साली त्या संघाने कलकत्ता लीग जिंकली. त्यांच्या पाठीशी रेल्वेच्या नोकरीचा आधार होता.

पायांतील बळ दहा-पंधरा वर्षांचे, संसार मात्र जन्मभराचा. म्हणून क्लब बदलणाऱ्या खेळाडूस बोल लावण्यापूर्वी आपण एवढेच पाहावे : ज्या दिवशी जो गणवेश त्याच्या अंगावर होता, त्या दिवशी तो त्यासाठी जीव ओतून खेळला की नाही?