नवरा, नवरी आणि भटोबा : दंतकथेला नेमकं काय विचारायचं?

लोककथांवर संशोधन करतो असं सांगितलं की समोरून हमखास एक प्रश्न येतो. "म्हणजे ते सगळं खरं असतं का हो?" पीएचडीची प्रवेश परीक्षा देणारी मुलंही हेच विचारतात, फक्त जरा जड शब्दांत: मिथकांची ऐतिहासिकता कशी तपासायची? माझ्या मते प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नसावा. का, ते माझ्या अभ्यासाच्या भागातूनच सांगतो. शहापूर आणि मुरबाड, ठाणे जिल्ह्यातले हे दोन तालुके.

मुंबई-नाशिक रस्त्याने आसनगावच्या पुढेमागे माहुलीचा डोंगर दिसतो. त्याच्या सुळक्यांना नावं आहेत: नवरा, नवरी, भटोबा. नुसती नावं ऐकली तरी गोष्ट कळते, लग्नाचं वऱ्हाड दगड झालं. आता इंग्लंडला चला. सॉमरसेट परगण्यात स्टँटन ड्रू नावाच्या गावात हजारो वर्षांपूर्वी उभे केलेले मोठमोठे दगड आहेत. तिथली दंतकथा अशी, की लग्नाची मंडळी शनिवारी रात्री नाचत होती, रविवार लागला तरी थांबली नाही आणि दगड झाली. तिथल्या तीन दगडांना नवरा, नवरी आणि पाद्री म्हणतात. म्हणजे भटोबासुद्धा आहे!

इथं कोणी कोणाची गोष्ट उचलली असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. स्टिथ थॉम्पसन या अमेरिकन अभ्यासकाने जगभरच्या कथाबीजांची जी सूची केली, तिच्यात "माणसाचा दगड होणं" याला स्वतंत्र क्रमांकच आहे, डी २३१. पण सूचीत क्रमांक सापडला म्हणजे काम झालं असं समजू नका. (पहिल्या वर्षी बरेच जण इथंच थांबतात.) सारखेपणा सापडतो तिथं फरक शोधायचा असतो. स्टँटन ड्रूच्या गोष्टीत रविवार मोडल्याची शिक्षा आहे, तो ख्रिस्ती धर्माचा धाक आहे. आपल्याकडच्या अशा गोष्टींत कोणता नियम मोडतो? मुहूर्त? सोयरीक? की काहीच मोडत नाही, आणि डोंगर फक्त ओळखीचा व्हावा म्हणून त्याला नातं दिलं जातं? गोष्ट ऐकताना कान तिथं लावायचा.

आता थोडी परिभाषा, कारण परीक्षेत विचारतात. विल्यम बॅस्कमने १९६५ साली एक सोपी विभागणी केली. मिथक म्हणजे सांगणाऱ्यांच्या लेखी खरी आणि पवित्र गोष्ट, जग आजच्यासारखं होण्याआधीच्या काळातली. दंतकथा किंवा आख्यायिकाही खरी मानली जाते, पण ती आपल्याच जगातली, अलीकडच्या काळातली आणि माणसांची. लोककथा मात्र कोणी खरी मानत नाही, ती करमणुकीची. यातला महत्त्वाचा शब्द "सांगणाऱ्यांच्या लेखी". संशोधकाला काय वाटतं, हा निकषच नाही. रोजच्या मराठीत "ही निव्वळ दंतकथा आहे" म्हणजे "हे खोटं आहे". प्रबंधात तो अर्थ चालत नाही.

खरं-खोटं कुठं अडतं ते नाणेघाटात चांगलं कळतं. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला वैशाखऱ्यापाशी उतरलं की समोर नानाचा अंगठा दिसतो आणि तिथूनच घाटाची वाट चढते. माथ्यावर, जुन्नरच्या हद्दीत, मोठा दगडी रांजण आहे. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: व्यापारी यात जकातीची नाणी टाकत, म्हणून नाणेघाट. जवळच्याच लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. आज वाचता येतो तेवढ्या लेखात जकातीचं नाव नाही. यज्ञांची यादी आहे, दक्षिणेत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे आहेत. हजारो कार्षापण, म्हणजे नाणीही आहेत, पण ती दान दिलेली.

मग दंतकथा खोटी ठरली? घाई करू नका. ही वाट कल्याण-सोपाऱ्याची बंदरं आणि जुन्नर-पैठण यांना जोडत होती, व्यापार खरा होता. शिवाय ब्राह्मी वाचणारं कोणी शतकानुशतकं उरलंच नव्हतं. जेम्स प्रिन्सेपने ती लिपी उलगडली १८३७ च्या सुमारास. मधल्या काळात लोकांसमोर लेखही होता आणि रांजणही, पण वाचता येत होता तो रांजणच. राणीने भिंतीवर स्वतःच्या घराण्याचं पुण्य कोरून ठेवलं, तर ओझी वाहणाऱ्यांच्या वाटेवरची गोष्ट पैशाची झाली. लेख हासुद्धा कोणीतरी हेतूने सांगितलेली गोष्टच आहे, हे आपण दगडावर कोरलेलं पाहिलं की विसरतो.

गोष्ट कोण कोणाला सांगतंय, हा प्रश्न कातकऱ्यांच्या बाबतीत आणखी टोकदार होतो. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये नोंद आहे की कातकरी स्वतःला रामाबरोबर लंकेला गेलेल्या वानरांचे वंशज सांगतात, आणि तांबड्या तोंडाच्या माकडाचं मांस खात नाहीत. मॅलिनोव्स्कीने १९२६ मध्ये मिथकाला समाजाची सनद म्हटलं होतं. त्या चष्म्यातून पाहिलं तर ही सनदच आहे: आम्ही रानातले आहोत, पण उपरे नाही, तुमच्या देवाच्या कामाला आलेलो आहोत. मात्र ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती सरकारी दप्तरातून. साहेबाला, मध्यस्थाला, गावच्या पाटलासमोर सांगितलेली गोष्ट आणि रात्री वाडीत आपल्याच पोरांना सांगितलेली गोष्ट एकच असेल असं धरून चालू नका.

दंतकथा तयार होताना पाहायची असेल तर सिद्धगडला जा. 'आझाद दस्त्या'चे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी इथं पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. दर २ जानेवारीला इथं माणसं जमतात. या घटनेची कागदपत्रंही आहेत आणि तोंडी आठवणीही, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून काय गळलं, काय वाढलं, कोणाचं नाव मागे पडलं हे मोजता येतं. नाणेघाटात ही सोय नाही. प्रबंधाचा विषय शोधत असाल तर मी इकडेच बोट दाखवीन.

एवढं सगळं कशासाठी, असं घरचेही विचारतात. त्याचं एक रोखठोक उत्तर वनहक्क कायद्यात आहे. २००६ चा कायदा आणि २००८ चे नियम. नियम १३ मधली पुराव्यांची यादी वाचा. विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळं अशा वहिवाटीचं जुनेपण दाखवणाऱ्या गोष्टी तिथं पुरावा आहेत. दावेदार सोडून इतर ज्येष्ठांचं लिहून घेतलेलं निवेदनही पुरावा आहे. वाघबारशीला ठाकर आणि महादेव कोळी रानात ज्या वाघदेवाला जातात, त्या दगडाची गोष्ट इथं कामाला येते. वाघाने खरंच माणसाशी बोलणी केली का, हे ग्रामसभेला सिद्ध करायचं नसतं. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्या जागेवर जातात, हे दाखवायचं असतं. आणि कातकरी राज्यातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात. अशा गटांना कायद्याने अधिवासाचा हक्क दिला आहे. अधिवासाच्या सीमा बऱ्याचदा सातबाऱ्यावर नसतात, गोष्टींत असतात.

म्हणून आपली वही निरुपद्रवी नाही. रानातल्या दगडाला तुम्ही नोंदीत परस्पर "शंकराचं मंदिर" केलंत, किंवा दोन वाड्यांच्या सामाईक देवाला एकीच्या नावावर टाकलंत, तर उद्या तोच कागद कोणाच्यातरी विरोधात वाचला जाऊ शकतो. त्यात काळू आणि शाई या नद्यांवरच्या धरणांचा वाद इथं वर्षानुवर्षं चालू आहे. जागाच पाण्याखाली गेली तर गोष्ट राहील, पण बोट दाखवायला दगड राहणार नाही.

फील्डवर्कला निघण्याआधी पानाच्या वरच्या बाजूला एवढ्या जागा रिकाम्या आखून घ्या: कोणी सांगितली, कुठं बसून, आणखी कोण ऐकत होतं, कोणत्या सणाला किंवा कामाच्या वेळी, आणि कोणता शब्द वापरून. "गोष्ट", "काहाणी", "आमचा इतिहास" की "म्हातारे सांगायचे ते". हा शेवटचा रकाना रिकामा ठेवू नका. बॅस्कमचे तीन खण नंतर कधीही भरता येतात, बोलणाऱ्याचा शब्द मात्र तेव्हाच लिहावा लागतो. आणि रेकॉर्डिंग लावण्याआधी विचारा, लावू का म्हणून. काही गोष्टी ठरावीक दिवसांतच सांगायच्या असतात. नाही म्हणाले तर तेही तारखेसकट लिहून ठेवा.