भुईकाट्यावरचा डबा

सकाळी साडेसात

पिशवी रात्रीच भरून ठेवली होती. डेबियन १२ ची ३२ बिटची पेनड्राइव्ह, लॅपटॉप, एक छोटी एसएसडी, सीआर २०३२ बॅटऱ्या, मल्टिमीटर, सिरियल केबल आणि धूळ काढायला रंगाचा कोरा ब्रश. राहुरीच्या अलीकडे एका भुईकाट्यावर जायचं होतं. मालकांचा, म्हणजे अण्णांचा, फोन आला होता : "इंडिकेटरवर आकडा दिसतो, पण कॉम्प्युटर बसलाय. सगळे म्हणतात, फेका आन् नवा घ्या. तुम्ही एकदा बघून घ्या, मग फेकू."

ऐन नोव्हेंबर, गळीत हंगाम नुकता सुरू झालेला. सावेडीतून निघून नागापूर एमआयडीसी मागे टाकली आणि विळद घाटापासून उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रेटत राहिलो.

नऊ

काट्याची केबिन पत्र्याची. खिडकीबाहेर प्लॅटफॉर्म, टेबलावर इंडिकेटर, शेजारी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि कोपऱ्यात तो राखाडी डबा. पंखा नाही, अंगावर उष्णता बाहेर टाकायच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. आत इंटेलचा ॲटम एन २७०, म्हणजे २००८ मधला प्रोसेसर, आणि एक जीबी रॅम. मागे सहा कॉम पोर्ट.

अशा डब्याला मी भंगार म्हणत नाही. पंखाच नसल्यामुळे पाचटाचा भुगा आत ओढला जात नाही. बाजारातल्या साध्या नव्या पीसीला कॉम पोर्ट बहुधा नसतोच. मग यूएसबी कन्व्हर्टर लावावा लागतो आणि कुणाचा पाय वायरीत अडकला की वजन गायब. काट्याचं काम तरी किती? इंडिकेटरनं पाठवलेला आकडा वाचायचा, नोंदवायचा, पावती छापायची. त्याला हा प्रोसेसर भरपूर झाला. बसली होती ती हार्ड डिस्क. तिच्यावर विंडोज एक्सपी होतं, ज्याचा आधार मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ लाच काढून घेतला.

झाकण उघडलं. कपॅसिटर फुगलेले नव्हते, हे बरं. बोर्डावरची बॅटरी मोजली तर तीन व्होल्टच्या जागी जेमतेम एक. घड्याळ थेट २००८ सालात गेलेलं. बॅटरी आधी बदलायची, बाकी सगळं नंतर. तारीख मागची राहिली तर डेबियन नेटवरून पॅकेज घ्यायलाच तयार होत नाही. यादी 'अजून वैध झालेली नाही' म्हणून परत पाठवतं, आणि माणूस इंटरनेटला दोष देत बसतो.

दहा

नवं काही बसवण्याआधी जुन्या डिस्कची नक्कल. हा नियम मी कुणासाठी मोडत नाही. त्या डिस्कवर शेतकऱ्यांची, व्यापाऱ्यांची वर्षानुवर्षांची वजनं आहेत. डिस्क काढून लॅपटॉपला जोडली आणि डीडीरेस्क्यू लावलं. हा प्रोग्रॅम आधी चांगला भाग पटापट उचलतो, खराब जागा बाजूला ठेवतो आणि शेवटी त्यांच्यावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. मरायला टेकलेल्या डिस्कला असंच हाताळायला हवं.

तोवर काटा बंद नव्हता. ऑपरेटर पोरगा इंडिकेटरवरचा आकडा वहीत लिहून घेत होता. एक शेतकरी डबल ट्रॉली घेऊन आला. कारखान्यावर जायच्या आधी तो इथं वजन करतो. "तिथला आकडा आन् हितला आकडा जुळला की जीवाला बरं वाटतं," म्हणाला. पण हाताची चिठ्ठी बघून त्याचं तोंड उतरलं. "छापील नाय का? हे कोण मानणार?"

दिवसभर ते वाक्य डोक्यात राहिलं. ट्रॉली एकदा गव्हाणीत रिकामी झाली की उसाचं वजन पुन्हा करता येत नाही. त्याच्या हातात उरते ती पावती.

साडेअकरा

एसएसडी बसवली, पेनड्राइव्ह लावली. डेबियन १३ का नाही, हे अण्णांना सांगितलं : ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीत ३२ बिटच्या मशीनसाठी इन्स्टॉलरच नाही. १२ मध्ये आहे.

इन्स्टॉल विनातक्रार झालं. डेस्कटॉप घेतला नाही, एक जीबीत त्याची गरजही नाही. मशीन पुन्हा चालू केलं. दोन-चार ओळी सरकल्या आणि पडदा काळा.

"गेला?" अण्णांनी विचारलं.

नेमक्या याच टप्प्यावर असे डबे भंगारात जातात. म्हणून आधी कॅप्स लॉकचं बटण दाबून पाहिलं. दिवा लागला, पुन्हा दाबलं, विझला. म्हणजे मशीन जिवंत आहे, फक्त चित्र आपल्यापर्यंत येत नाही. नेटवर्कची केबल लॅपटॉपला जोडून एसएसएचनं आत शिरलो आणि मशीनलाच विचारलं की तुला किती पडदे जोडलेत. उत्तर आलं, दोन. एक व्हीजीए, जो आमच्यासमोर होता. दुसरा एलव्हीडीएस, 'जोडलेला'.

केबिनमध्ये दुसरा पडदा नाही. बोर्डावर लॅपटॉपसारखा पॅनल लावायची एक रिकामी जागा मात्र आहे. हे ९४५ जीएसई चिपसेटचे बोर्ड तिथं पॅनल नसतानाही तो असल्याचं सांगतात आणि लिनक्सचा ग्राफिक्स ड्रायव्हर त्यावर विश्वास ठेवून चित्र तिकडे पाठवतो. इन्स्टॉलर साध्या पद्धतीनं चित्र काढत होता, म्हणून तेव्हा सगळं दिसत होतं.

पुष्कळ जण इथं 'नोमोडसेट' लिहून मोकळे होतात. पडदा दिसतो, पण ड्रायव्हरच बाजूला पडतो. मला ते अर्धं काम वाटतं. ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, ओळीत 'व्हिडिओ' पुढं एलव्हीडीएस-१ आणि बंद करण्याचा 'डी' एवढं जोडलं, मशीन पुन्हा चालू केलं. पडदा उजळला तो उजळलेलाच राहिला.

दीड

वीज गेली. इन्व्हर्टरवर इंडिकेटर चालत होता. अण्णांच्या घरून भाकरी, मेथी आणि ठेचा आला. जेवताना एक गोष्ट ठरली : बायोसमध्ये 'वीज आल्यावर आपोआप चालू' हे लावायचं. रात्री ऑपरेटर एकटा असतो, त्याला बटण शोधायला लागू नये.

अडीच

आता इंडिकेटर. त्याची केबल पाचव्या कॉम पोर्टला होती आणि लिनक्सला फक्त चार दिसत होते. अण्णा म्हणाले, चौथ्याला लावा. पण बाहेरचा मोठा डिस्प्ले, दुसरा प्रिंटर वगैरे धरून बाकीचे पोर्ट आधीच भरलेले. डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या नोंदी, उघडल्या. सुरुवातीच्या ओळींतच लिहिलं होतं : ८२५० ड्रायव्हर, चार पोर्ट. पोर्ट बिघडले नव्हते. डेबियनचा कर्नल मुळात चारच उघडतो. ग्रबमध्ये संख्या आठ केली आणि सहाही पोर्ट हजर झाले.

आकडे मात्र येईनात, नुसती चित्रविचित्र अक्षरं. वेग जुळत नव्हता. इथं सकाळची नक्कल कामाला आली. जुन्या प्रोग्रॅमची सेटिंगची फाइल त्यातून मिळाली : वेग २४००, सात बिट, इव्हन पॅरिटी. तसंच लावलं आणि पडद्यावर ओळीमागून ओळ वजन उतरू लागलं.

इंडिकेटरच्या मेनूला मी हात लावला नाही. त्यावर वैधमापनशास्त्र विभागाचं सील आहे, दरवर्षी पडताळणी होते. आपलं काम त्याचा आकडा ऐकायचं. त्यात एका किलोचाही फरक करायचा अधिकार आपल्याला नाही. म्हणून काट्यासाठी लिहिलेल्या माझ्या पायथॉनच्या प्रोग्रॅममध्ये वजन हातानं टाकायची जागाच ठेवलेली नाही.

साडेचार

प्रिंटर. अण्णांना पावती मराठीत हवी होती, आणि ती हवीच. पण बहुतेक डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या पोटात देवनागरी अक्षरं नसतात. मजकूर चित्र म्हणून पाठवावा लागतो आणि एकेक पावती रेंगाळत निघते. बाहेर गाड्यांची रांग असताना ते परवडत नाही. तेव्हा शीर्षकं, 'भरलेलं', 'रिकामं', 'निव्वळ', हे सगळं मराठीत छापलेला कागद राहुरीच्या प्रेसमधून घ्यायचा आणि प्रिंटरनं त्यात गाडी नंबर, तारीख, वजन भरायचं, असं ठरलं.

सहा

कांद्याच्या गोण्या भरलेला टेम्पो आला. इंडिकेटर, पडदा, पावती, तिन्हीकडे ६,८४०. ड्रायव्हरनं पावती खिशात घातली, हिशेब विचारला आणि गेला. ऑपरेटरनं पुढच्या गाडीची नोंद स्वतः केली, मी बाजूला उभा राहिलो. नोंदी साध्या फाइलमध्ये जातात. उद्या मी नसलो तरी कुणालाही उघडता येतील, याची काळजी मी नेहमी घेतो.

ग्रबमधले दोन्ही बदल, पोर्टचा वेग आणि बॅटरीची तारीख एका कागदावर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. अण्णांनी विचारलं, "किती दिवस चालंल हे?"

"डेबियन १२ ला जून २०२८ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतील."

त्यांनी बोटं मोजली. "म्हणजे तीन हंगाम."

"तीन. त्यानंतर डबा बदलायचा का, ते तेव्हा बघू. आणि त्या जुन्या नोंदींची एक प्रत उद्या पेनड्राइव्हवर पाठवतो, ती घरी ठेवा, केबिनमध्ये नको."