रुळांवरचा रुपया

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या आगगाड्यांचं संग्रहालय पाहून घरीही एखादा लेआउट मांडावासा वाटला, तर नवल नाही. इंजिनं, डेकोडर, कंट्रोलर सगळं तयार मिळतं. घोडं पेंड खातं ते वायरिंगपाशी.

जुन्या पद्धतीत व्होल्टेज वाढवलं की रुळावरची सगळीच इंजिनं पळत. १९९०च्या दशकात प्रमाणित झालेल्या डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीत रुळांमध्ये कायम साधारण १५ व्होल्ट असतात. फक्त त्यांची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते. उलटण्यामधलं अंतर ५८ मायक्रोसेकंद असेल तर तो ‘१’, शंभराच्या आसपास किंवा जास्त असेल तर ‘०’. वीज आणि हुकूम एकाच वाटेने येतात. प्रत्येक हुकमाच्या शेवटी पडताळणीचा आकडा असतो. तो जुळला नाही की इंजिनातला डेकोडर हुकूम टाकून देतो. गाडी मात्र थांबत नाही, आधीच्याच हुकमावर चालत राहते! अशा वेळी लोक इंजिन उघडून बसतात. आधी रुळांचे सांधे तपासावेत.

रूळ निकेल सिल्व्हरचे असतात आणि त्यांचा विद्युतरोध तांब्याच्या कितीतरी पट. त्यात दोन रूळ जोडणारी पट्टी सैल होते, काळी पडते. म्हणून टेबलाखालून तांब्याच्या जाड तारांची जोडी न्यायची (अडीच चौरस मिलिमीटरची चालते) आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिच्यापासून वेगळी बारीक तार सोल्डर करायची. जाड तारांना एकमेकींभोवती हलका पीळ द्यावा. त्याने सिग्नलमधले व्होल्टेजचे झटके कमी होतात. तारा फार लांब असतील, तर टोकाला १०० ओहमचा रोधक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापुढे एक जोडून लावतात.

खरा धोका शॉर्टसर्किटचा. समजा, रुळांना वीज पुरवणारा बूस्टर ५ अँपिअरला आपोआप बंद होतो. पण वाटेतला एकूण रोध ४ ओहम आहे. मग शॉर्ट झाला तरी पावणेचार अँपिअरच वाहतील. बूस्टरला पत्ताच लागणार नाही आणि वाटेत ५६ वॉट उष्णता साचत राहील. घरातलं सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॉटचं असतं, यावरून प्लॅस्टिकच्या डब्याचं काय होईल ते ओळखा.

यावर सोपी चाचणी आहे. एचओ मापाच्या दोन रुळांमध्ये साडेसोळा मिलिमीटर अंतर असतं. रुपयाचं नाणं आडवं ठेवलं की दोन्हींना टेकतं. बूस्टर तत्क्षणी बंद व्हायला हवा. खडी चिकटवण्याआधी प्रत्येक तुकड्यावर, अगदी दूरच्या सायडिंगवरही, हे करून पाहा. जिथे तो बंद होत नाही, तिथे आणखी एक तार सोल्डर करा आणि तोवर त्या भागात इंजिन सोडू नका.