मुंजीनंतरची आभारपत्रं

मुंज झाली की दोन-चार दिवसांत आईच्या मोबाइलवरून सगळ्या नातेवाइकांना एकच मजकूर जातो. आपण आलात, बटूला आशीर्वाद दिलेत, आभारी आहोत. आहेर मुलाला आणि आभार मानणार आई, हे मला पटत नाही. ज्याला बॅट मिळाली, त्यानेच बॅटीबद्दल लिहावं. म्हणून यंदा भाच्याची मुंज आटोपल्यावर त्याला घेऊन आभारपत्रं करायला बसले.

मुलांसाठी म्हणून दुकानात मिळणारी कार्डं बहुतेक निळी असतात. वर मोटारी नाहीतर सुपरहिरो, आत छापील इंग्रजी मजकूर आणि खाली सहीपुरती बोटभर जागा. घरी कार्ड करायचं ते ही जागा मुलाला परत मिळावी म्हणून. पण फार मोठीही देऊ नये. कोरं पान समोर आलं की आठ वर्षांचं पोर पेन चावत बसतं. ए-फोर कागद मधोमध कापून त्या अर्ध्याची घडी घातली की तळहाताएवढं कार्ड होतं. आत चार ओळी मावतात, आणि चार पुरतात.

कागद मी हातकागदाचा घेते. पुण्यात शिवाजीनगरला 1940 पासून हातकागद संस्था आहे. हा कागद सुती चिंध्यांच्या लगद्यापासून होतो. साच्यावर लगदा पसरतो तेव्हा तंतू सगळ्या दिशांना पडतात, त्यामुळे घडी कुठूनही घातली तरी चालते. गिरणीच्या कार्डशीटचं तसं नसतं. त्यातले तंतू बरेचसे एका दिशेला लागलेले असतात. ते आडवे मोडले की घडीवर भेगा पडतात. शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघावं. ज्या बाजूने मुकाट्याने वाकतं, तिकडून घडी घालावी. त्याआधी पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेनने एक दाबरेघ ओढायची. छापखान्यात याला क्रीझिंग म्हणतात. भाच्याला हे काम एवढं आवडलं की माझ्या वाटचे कागदही त्यानेच उरकले.

हातकागद खरखरीत, मुलांचं पेन त्यावर अडखळतं. म्हणून आत गुळगुळीत पांढरा कागद चिकटवला. पातळ डिंकाने कागदाला पोक येतो, तिथे कोरडी गोंदकांडी बरी.

मुखपृष्ठावर काय, हे मी त्याच्यावर सोडलं. शाळेत बटाट्याचं, भेंडीचं ठसेकाम झालेलं होतं, ते त्याला नको होतं. त्याने शिक्क्याच्या जांभळ्या पॅडवर अंगठा टेकवला, कार्डावर उठवला, क्षणभर बघितलं आणि त्या लंबगोलाच्या माथ्यावर पेनाने शेंडी काढली. गोटा केलेला बटू! मग दोन डोळे, खाली लंगोटी, हातात पळसाचा दंड. मी सुचवलेल्या कुठल्याही चित्रापेक्षा हे सरस होतं, कारण मुंज त्याची आणि डोकंही त्याचंच.

त्यातही कसब आहे. अंगठा शाईने माखला की नुसता डाग उठतो. पहिला ठसा रद्दीवर घ्यायचा आणि दुसरा कार्डावर, तेव्हा रेषा दिसतात. खरखरीत कागदावर अंगठा सरळ न टेकवता नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोळवायचा. शाई नीट वाळल्याशिवाय पेन लावायचं नाही, नाहीतर शेंडी पसरते आणि बटूला टोपी येते. एक बटू हसरा निघाला, एक रागीट. होमाच्या धुराने डोळे चोळणारा बटू आत्याला पाठवायचं ठरलं.

लिहिणं सगळ्यात अवघड.

‘‘मावशी, काय लिहू?’’

‘‘सांगलीच्या आजोबांनी काय दिलं?’’

‘‘दुर्बीण.’’

‘‘मग तिच्यातून काय बघितलंस ते लिही.’’

त्याने लिहिलं: ‘दुर्बिणीतून आमच्या गच्चीवरून पर्वती दिसते. पायऱ्या चढणारी माणसं पण दिसतात. एक काका मध्येच बसले होते. तुम्ही आलात की तुम्हाला दाखवतो.’ शुद्धलेखनाच्या चुका होत्या, त्या मी दुरुस्त केल्या नाहीत. आईने सांगितलेला मजकूर मुलाच्या अक्षरात उतरवून घेतला, तर आजोबांना ते पहिल्या ओळीतच कळतं. वस्तूचं नाव आणि तिचं आपण काय केलं, एवढं मुलाला विचारावं आणि बाजूला व्हावं. पाकिटातून पैसे दिलेल्यांसाठीही हेच: त्या पैशांतून काय घ्यायचं मनात आहे ते लिहावं.

काही मुलांना कार्डावर बटणं, मणी चिकटवायला आवडतात. ती कार्डं हातोहात द्यावीत, टपालात त्यांचे हाल होतात. आमची पाकिटासकट वीस ग्रॅमच्या आत बसली.

पत्ता त्याने आयुष्यात प्रथमच लिहिला. पिनकोडचे सहा आकडे बघून तो थबकला, कारण त्याला हा पासवर्ड वाटला. मग सांगितलं, की ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 पासून आली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी संस्कृतात कविताही करत. पहिल्या आकड्यावरून देशाचा भाग कळतो, शेवटच्या तिनांवरून पोस्ट ऑफिस. सांगलीचा 416416 बघून तो हरखला. उरलेली पाकिटं पुढ्यात ओढून कुठल्या आकड्यावरून कुठलं गाव ओळखता येतं, ते तो लावत बसला, आणि पुण्यातल्या पुण्यात जाणारी सगळी 411 ने सुरू होतात हे त्यानेच मला सांगितलं.