पासवर्ड बरोबर, तरी वायफाय का तुटते?

नवा फोन घरच्या वायफायवरून सारखा तुटू लागला, की आपण फोनला बोल लावतो; काही जण वैतागून राउटरचा पासवर्डच काढून टाकतात. दोष बहुधा पासवर्डात नसतोच. पासवर्ड हवेतून जसाच्या तसा पाठवलाही जात नाही. बैलबाजारात उपरण्याखाली बोटे धरून सौदा ठरतो, तशी फोन आणि राउटर एकमेकांना ओळख पटवतात. या खुणांची रीत म्हणजे डब्ल्यूपीए (वायफायचे सुरक्षा-नियम). तिची दुसरी आवृत्ती २००४ची, तिसरी २०१८ची. राउटर दोन्ही एकदम चालवू लागला, की काही फोनांशी खुणा जुळत नाहीत. अशा वेळी राउटरच्या सेटिंगमध्ये फक्त ‘डब्ल्यूपीए २’ ठेवावे. फोनमधले जुने नेटवर्क पुसून नव्याने जोडावे.

धाराशिवकडच्या माळवदाच्या घरांत आणखी एक अडचण असते, दगडमातीच्या जाड भिंतींची. वायफायच्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर वेग जास्त मिळतो, पण त्या भिंतीपुढे लवकर दमतात. माजघरात २.४ गिगाहर्ट्झच बरे.

पासवर्ड मात्र काढू नका. उघड्या वायफायवरून कुणी उद्योग केले, तर चौकशी जोडणी ज्याच्या नावावर, त्याच्या दारातूनच सुरू होते.