वॉरंट निघाले, पण कळणार कसे?

१९८८ च्या हिवाळ्यात मी उत्तर भारतातील एका जिल्ह्यात उपविभागीय दंडाधिकारी होतो. एके सकाळी निवासस्थानाच्या ओसरीवर एक वृद्ध शेतकरी येऊन बसला होता. त्याच्या मुलाला दोन दिवसांपूर्वी आठवडी बाजारातून पोलिसांनी उचलले होते आणि जवळच्या ठाण्यात ‘असा कोणी इथे नाही’ एवढेच उत्तर मिळत होते. दूरध्वनीवर विचारपूस केल्यावर उलगडा झाला. शेजारच्या जिल्ह्यातील न्यायालयाने आठ वर्षांपूर्वी काढलेल्या अटक वॉरंटावरून त्याला तिकडे नेण्यात आले होते. खटला बांधावरच्या झाडांवरून झालेल्या मारामारीचा. त्यातील इतर आरोपी केव्हाच निर्दोष सुटले होते. हा मुलगा मजुरीसाठी कलकत्त्याला गेलेला असताना समन्स आले, तो तारखेला हजर राहिला नाही, म्हणून वॉरंट निघाले. त्यानंतर गावी परतून तो दोन वर्षे उघडपणे राहत होता. आपल्या नावाचा असा कागद कुठे तरी आहे, याची ना त्याला कल्पना होती, ना त्याच्या बापाला.

वॉरंटाला वार्धक्य नसते, हे त्या दिवशी मी पुस्तकाबाहेर शिकलो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ७० नुसार, वॉरंट काढणारे न्यायालय ते रद्द करीत नाही किंवा त्याची बजावणी होत नाही, तोपर्यंत ते अमलात राहते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम ७२ मध्ये जशीच्या तशी आली आहे. म्हणून प्रश्न उरतो तो असा : आपल्या किंवा आपल्या माणसाच्या नावे वॉरंट आहे का, कोणाला अटक झाली आहे का, हे सामान्य नागरिकाने कुठे पाहायचे?

नोंद होत नाही, अशी सबब इथे चालणार नाही. १८६१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ४४ ने प्रत्येक ठाण्याच्या अधिकाऱ्यावर दैनंदिनी ठेवण्याची सक्ती केली आणि तीत अटक झालेल्या प्रत्येकाचे नाव लिहिणे बंधनकारक केले. १८५७ नंतरच्या राजवटीला आपल्या शिपायांवर नजर ठेवायची होती, ती नोंदवही त्यासाठी होती. जिल्हा अधीक्षकाने ती तपासावी, दंडाधिकाऱ्याने मागवावी, हे अभिप्रेत होते; अटक झालेल्याच्या नातलगाने ती पाहावी, हे कोणाच्या मनातही नव्हते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला वाटते की, आपल्या ठाण्यांतील दप्तराचा स्वभाव आजही त्या जन्मखुणेतून सुटलेला नाही. नोंदवही वरिष्ठांसाठी असते, लोकांसाठी नाही.

हा स्वभाव बदलण्याचा पहिला गंभीर प्रयत्न न्यायालयाने केला. कोठडीतील मृत्यूंबाबत पश्चिम बंगालमधून १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या एका पत्राची याचिका झाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्याचा निकाल आला. अटक करताना साक्षीदाराच्या सहीचे टिपण करावे, नातलगाला किंवा मित्राला कळवावे आणि अटकेची व कोठडीच्या ठिकाणाची माहिती बारा तासांच्या आत नियंत्रण कक्षाला देऊन तिथल्या फलकावर लावावी, असे आदेश त्यात होते. संसदेने ते कायद्यात उतरवले. नोव्हेंबर २०१० पासून लागू झालेल्या कलम ४१-क ने जिल्हा नियंत्रण कक्षाबाहेर फलक आणि राज्य मुख्यालयात जनतेसाठी माहितीसंच ठेवणे सरकारवर बंधनकारक केले. नव्या संहितेचे कलम ३७ आणखी पुढे जाते. प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला एक अधिकारी या कामासाठी नेमायचा आणि अटक झालेल्यांची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे, डिजिटल माध्यमासह, प्रदर्शित करायचे आहे.

म्हणजे घरातला माणूस दोन दिवस बेपत्ता असेल तर ‘तुमच्याकडे आहे का?’ असे अजीजीने विचारण्याची गरज नाही. कलम ३७ खालील नियुक्त अधिकारी कोण, फलक कुठे आहे, असे विचारावे. अटक झालेल्याने सांगितलेल्या नातलगाला वा मित्राला कळवणे हे कलम ४८ नुसार पोलिसांचे कर्तव्य आहे आणि कोणाला कळवले याची ठाण्यातील वहीत नोंद ठेवावी लागते. वॉरंटावरून परजिल्ह्यात अटक झाली, तर जिथे पकडले तिथल्या आणि जिथे तो माणूस नेहमी राहतो त्या जिल्ह्याच्याही नियुक्त अधिकाऱ्याला कळवावे, असे कलम ८२ सांगते. माझ्या ओसरीवरील वृद्धाला नेमकी हीच माहिती हवी होती. महाराष्ट्रासह काही राज्यांच्या पोलीस संकेतस्थळांवर अटक आरोपींची यादी जिल्हा आणि तारखेनुसार पाहता येते. फलकांची गोष्ट वेगळी. निवृत्तीनंतर प्रवासात ठाणे दिसले की मी फलक पाहतो. ‘आपले स्वागत आहे’ हा फलक हमखास असतो.

इथे एक गल्लत दूर करायला हवी. प्रथम माहिती अहवाल, अटक आणि वॉरंट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला, लैंगिक गुन्हे आणि दहशतवादासारखी संवेदनशील प्रकरणे वगळून. तो केवळ एफआयआरपुरता आहे. एफआयआरमध्ये नाव असले म्हणजे अटक होतेच असे नाही. उलट, वॉरंटामागे एफआयआर असेलच असेही नाही. न वटलेल्या धनादेशाचा खटला खासगी फिर्यादीवर चालतो, त्यात पोलिसांकडे काहीच दाखल नसते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, खात्यात भरलेल्या धनादेशाची फिर्याद धनादेश घेणाऱ्याची बँक शाखा जिथे असेल तिथे होते. झारखंडमधील छोट्या व्यापाऱ्याविरुद्ध दिल्लीत खटला उभा राहतो, समन्स सोडून दिलेल्या दुकानाच्या पत्त्यावर जाते, आणि पुढची पायरी वॉरंटाची असते.

म्हणून वॉरंटाचा शोध पोलिसांकडे नव्हे, न्यायालयाच्या दप्तरात सुरू करावा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून पक्षकाराच्या नावाने, एफआयआर क्रमांकाने किंवा सोळा अक्षरांकांच्या सीएनआर क्रमांकाने खटला विनामूल्य शोधता येतो. ‘वॉरंट शोधा’ अशी खिडकी मात्र तिथे नाही. खटला सापडल्यावर त्याचा टप्पा आणि प्रत्येक तारखेचे कामकाज उघडून वाचावे लागते. वॉरंटाचा उल्लेख असलाच तर तिथे, बहुधा इंग्रजी आद्याक्षरांत दडलेला. नावाच्या शोधात आणखी एक खाचखळगा आहे. कारकुनाने रोमन लिपीत नाव कसे लिहिले असेल, हे आपल्याला ठाऊक नसते. ‘सूर्यवंशी’ किंवा ‘शेख’ किती प्रकारे लिहिता येते, याचा विचार करावा आणि प्रत्येक प्रकार वर्षावर्षाने तपासावा. नाव सापडले तरी घाबरू नये; एका जिल्ह्यात एका नावाची अनेक माणसे असतात. वडिलांचे नाव आणि पत्ता जुळतो का, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. भाडेकरू वा नोकर पारखण्यासाठी असा शोध घेणाऱ्यांनी तर हे पुन्हा पुन्हा लक्षात घ्यावे. अल्पवयीनांच्या बाबतीत ओळख उघड करणे हाच बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे.

पडद्यावरची माहिती पुरावा नव्हे. खात्री हवी असेल तर न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित प्रत घ्यावी. माहिती अधिकाराचा अर्ज इथे सहसा उपयोगी पडत नाही. न्यायालयीन कागदपत्रांसाठी न्यायालयाच्याच नियमांनी अर्ज करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात ठरवले आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील माणसे यांना मोफत साहाय्य मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटणारा निकाल फारसा कोणाला आठवत नाही. मुंबईतील एका वकिलांविरुद्धचे अजामीनपात्र वॉरंट न्यायालयाने रद्द केले होते. तरीही १५ ऑगस्ट २००२ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत, त्याच वॉरंटावरून त्यांना अटक झाली. त्यांना मिळालेली भरपाई २००० रुपयांची. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सप्टेंबर २०११ मध्ये न्यायालयाने देशभरासाठी सूचना दिल्या. वॉरंटाचे अर्ज छापील व यंत्राने क्रमांकित असावेत. प्रत्येक न्यायालयाने वॉरंटांची क्रमवार नोंदवही ठेवावी, तशीच नोंदवही ठाण्यातही असावी. वॉरंट विशिष्ट तारखेला, बजावणी होवो वा न होवो, न्यायालयात परत यावे. रद्द झाल्यास दोन्ही नोंदवह्यांत तसे नमूद व्हावे आणि हुकमाची प्रत आरोपीलाही मिळावी. वॉरंट यंत्रणेच्या हाती दीर्घकाळ राहिले की त्याचा गैरवापर होतो, असा अनुभव न्यायालयाने नमूद केला आहे. १९८८ मध्ये मी त्या मुलाच्या प्रकरणात दोन्ही कार्यालयांच्या वह्या मागवल्या होत्या. त्यांचा एकमेकींशी मेळ नव्हता.

सारी वॉरंटे सर्वांसाठी खुली करावीत, असे मी म्हणणार नाही. तपासाच्या काळात निघालेले वॉरंट जाहीर केले तर संशयित पळेल. अमेरिकेत स्थानिक पातळीवरील अटकेच्या नोंदी आणि छायाचित्रे सहज उपलब्ध असल्याने त्यांवर खासगी कंपन्यांचा धंदा उभा राहिला आणि निर्दोष सुटलेल्यांनाही त्यांची झळ पोहोचली. पण आपल्याकडील किती तरी वॉरंटे चालू खटल्यात तारखेला गैरहजर राहिल्याबद्दलची असतात. तो खटला आधीच जाहीर असतो, तिथे लपवण्यासारखे काय उरते? ओळख पटवणाऱ्या नागरिकाला निदान स्वतःच्या नावावरील अशा वॉरंटाची माहिती ठाण्यात किंवा ई-सेवा केंद्रात मागता यावी, आणि ती पाहिली म्हणून त्याला तिथेच बेड्या पडू नयेत. दोन नोंदवह्या कायद्याने अस्तित्वात आहेत. त्या जोडण्यापुरतेच काम बाकी आहे. आज कायदा नाव जाहीरपणे पुकारतो तो कलम ८४ च्या उद्घोषणेच्या वेळी, घरावर आणि न्यायालयाच्या दारावर कागद चिकटवून. तोवर माणूस ‘फरार’ ठरण्याच्या उंबरठ्यावर असतो.

तोपर्यंत, वॉरंट असल्याचे कळले तर पोलिसांची वाट न पाहता वकिलामार्फत त्याच न्यायालयात स्वतः हजर व्हावे आणि गैरहजेरीचे कारण व पुरावा जोडून वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा. रद्द झाल्याच्या हुकमाच्या दोन प्रमाणित प्रती त्याच दिवशी मागाव्यात. एक संबंधित ठाण्यात देऊन शिक्क्यानिशी पोच घ्यावी, दुसरी बरोबर बाळगावी, विशेषतः सुट्टीच्या दिवशी.